रोजच्या ताटातला बेळगाव

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला बहुतेक वेळा अख्ख्या मसुराची आमटी, भात, ज्वारीची भाकरी आणि खर्डा एवढेच असते. सोबतीला हिवाळ्यात मुळा किंवा मेथीची जुडी, उन्हाळ्यात कांद्याची फोड आणि ताक, पावसाळ्यात एखादी रानभाजी. पाहुणे येणार असले की घरातली माणसे काहीतरी वेगळे करू या म्हणतात आणि मी ते करतेही. पण मला मनापासून जे रांधावेसे वाटते आणि दमून घरी आलेल्या माणसाच्या पुढे जे वाढताना समाधान वाटते, ते हेच जेवण आहे. साध्या जेवणाला सणाच्या जेवणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष लागते, हे माझे मत वर्षागणिक पक्के होत चालले आहे. पुरणपोळीत गूळ, जायफळ आणि तूप मिळून एखादे उणे सांभाळून घेतात. आमटी-भाताला तशी सोय नाही. तांदूळ नवा की जुना, पीठ कधी दळलेले, मसूर कुठल्या रानातले, चिंच केव्हा पडली, हे सगळे पहिल्याच घासाला कळते.

माझे माहेर खानापूर तालुक्यातले आणि सासर चिकोडीकडचे. दोन्ही तालुके एकाच बेळगाव जिल्ह्यातले असले, तरी चुलीपाशी उभे राहिले की त्यांच्यातले अंतर लक्षात येते. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीच्या डोंगरात मलप्रभा उगम पावते. तिथे पाऊस सुरू झाला की आठवडेच्या आठवडे थांबत नाही, त्यामुळे भाताची खाचरे, डोंगरउतारावर नाचणी आणि घरामागे फणस-काजू हेच तिथल्या संसाराचे रूप आहे. तीच मलप्रभा सौंदत्तीपाशी पोहोचते तोवर जमीन काळी, रान उघडे आणि हवा कोरडी झालेली असते. उत्तरेला चिकोडी आणि त्याही पुढे अथणीकडे गेले की पाऊस मोजकाच, आणि जिथे कृष्णेचे किंवा विहिरीचे पाणी पोहोचत नाही तिथे ज्वारी आणि हरभरा. जिल्ह्याच्या एका टोकाला भाताशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही आणि दुसऱ्या टोकाला भाकरीशिवाय. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये आहे आणि आमच्या घराच्या ताटातही ती दोन्ही टोके एकत्र आली.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला भाकरी येत होती, पण ती तांदळाची. माझी आई उकळत्या पाण्यात मीठ घालून तांदळाचे पीठ वैरत असे, उकड झाकून ठेवत असे आणि कोमट असतानाच मळून पांढरीशुभ्र, मऊ भाकरी थापत असे. सासरी पहिल्या दिवशी आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्यापुढे ज्वारीचे पीठ ठेवले आणि त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या. मी पिठात हात घालणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "आधी पाणी बघ गं. पाणी उकळल्याबिगर पिठाला हात लावायचा नाही." ज्वारीची भाकरी मला जी काही येते ती त्या एका वाक्यापासून सुरू झाली. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून थंड पाण्यात मळलेले पीठ थापताना कडेने फाटते. उकळते पाणी पडले की पिठातले पिष्ट फुलते, पीठ एकजीव होते आणि मग ते हाताखाली पसरू लागते. आत्तींना पिष्ट हा शब्द ठाऊक नव्हता. पण परातीत आळे करून त्यात ओतलेल्या पाण्याची वाफ बघून, या पाण्यावर भाकरी थापता येईल की नाही हे त्या अचूक सांगत असत.

दुसरी गोष्ट पिठाच्या विरीची. ज्वारी दळून आणल्यावर थोडेच दिवस पीठ चांगले राहते. नंतर त्याची विरी जाते आणि कितीही मळले तरी भाकरीला चिरा पडतात, शिवाय चवीला किंचित कडवटपणा येतो. म्हणून आमच्याकडे पीठ साठवून ठेवत नाहीत. दर आठवड्याला थोडी थोडी ज्वारी निवडून गिरणीत पाठवतात. ज्वारी शक्यतो शाळूची, म्हणजे रब्बीची, टपोरी आणि मोत्यासारखी पांढरी. पावसाळी ज्वारीला भिजल्यामुळे काळसर झाक येते आणि भाकरीला ती गोडी राहत नाही. आज पिशवीबंद पीठ सगळीकडे मिळते आणि परगावी राहणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे, हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या घराजवळ गिरणी अजून सुरू आहे त्यांनी हा खटाटोप सोडू नये, असे मला कळकळीने वाटते.

भाकरी थापण्याची कृती लिहून सांगणे कठीण आहे, तरी जे रोज पाहते ते सांगते. मळलेल्या पिठाचा गोळा तळहाताच्या मागच्या भागाने पुन्हा एकदा रगडून घ्यावा; गोळ्याला तुकतुकी आली की तो तयार झाला. काठवटीत किंवा परातीत कोरडे पीठ भुरभुरून त्यावर गोळा ठेवावा आणि बोटांनी दाबताना तो फिरता ठेवावा. भाकरी फिरते आहे तोवर खाली पीठ पुरेसे आहे; फिरायची थांबली की उचलून पीठ घालावे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच ओल्या हाताने पाणी फिरवावे. पाणी सुकत आले, पण पूर्ण सुकले नाही, त्या क्षणी भाकरी उलटायची असते. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर वरचा भाग तडकतो. दुसरी बाजू बिडाच्या तव्यावर चांगली भाजली गेली की मग भाकरी आचेवर धरायची. ती टम्म फुगते, पदर सुटतो, आणि तो पदर अलगद उचलून आत तूप किंवा खर्डा घालून पहिली भाकरी घरातल्या मुलाला द्यायची, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. आता मुले मोठी होऊन बाहेर गेली आहेत, म्हणून पहिली भाकरी आमच्या मामांजींना मिळते, आणि वयाच्या मानाने त्यांची भूक उत्तम आहे.

आता मसुराविषयी. बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, येळ्ळूरचे शिवार आहे. तिथली जमीन काळी आणि ओल धरून ठेवणारी आहे. पावसाळ्यात तिथे भात असतो. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी झाली की त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा आणि हरभरा पेरतात. या पिकाला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. जमिनीतली ओल आणि हिवाळ्यातले दव एवढ्यावर ते उभे राहते. हे मसूर दाण्याने लहान असतात आणि शिजल्यावर सालीसकट मऊ होतात, तरी दाणा दाण्यासारखा राहतो. बाहेरून येणारे मोठ्या दाण्याचे मसूर दिसायला देखणे असतात, पण आमटीला जो दाटपणा आणि मातकट गोडवा हवा तो मला त्यांत सापडत नाही. मसुराच्या गुलाबी डाळीची आमटीही आम्ही करतो, पण ती घाईच्या वेळची. अख्ख्या मसुराची गोष्ट वेगळी आहे.

माझी आमटी अशी. मसूर निवडून, दोनतीन पाण्यांनी धुऊन, अर्धा तास भिजवून पातेल्यात शिजत घालते. पाणी मसुरापेक्षा तिपटीहून थोडे जास्त, त्यात हळद आणि तेलाचे थेंब. कुकर मी मसुराला लावत नाही, कारण एखादी शिट्टी जास्त झाली की दाण्यांचा लगदा होतो, आणि मग ती आमटी न राहता वरणाचा एक प्रकार होते. मंद आचेवर मसूर शिजत असताना कांदा थेट आचेवर, साल काळी होईपर्यंत भाजून घेते. सुके खोबरे तव्यावर, लसूण सालीसकट त्याच्या शेजारी, आणि शेवटी धणे-जिरे. हे सगळे थोडी कोथिंबीर घालून पाट्यावर वाटले तर उत्तम. मी रोज मिक्सर वापरते, पण पाणी बेतानेच घालते, म्हणजे वाटण दाटसर राहते. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग वाटण. वाटण परतताना घाई करू नये. तेल कडेने सुटू लागले आणि कच्च्या लसणाचा वास जाऊन भाजक्या खोबऱ्याचा वास आला की आच कमी करून चटणी घालावी आणि लगेच मसुराचे गरम पाणी ओतावे, म्हणजे चटणी करपत नाही आणि वर लाल तवंग येतो. मीठ आणि चिंचेचा कोळ मसूर पूर्ण शिजल्यानंतरच घालायचा. चिंच आधी पडली तर आंबटपणामुळे दाण्याची साल आवळते आणि मग तासभर शिजवले तरी दाणा मऊ होत नाही. शेवटी पळीच्या पाठीने थोडे दाणे पातेल्याच्या कडेला घोटायचे आणि गुळाचा खडा टाकायचा. माझ्या माहेरी चिंचेऐवजी आमसूल घालतात, कारण गोव्याची सीमा जवळ आणि घाटाखालून आमसुले येतात. पावसाळ्यात मीही आमसूलच घालते.

वर चटणी म्हटले ती कोणती, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. कोल्हापूरप्रमाणे आमच्याकडेही कांदा-लसूण घालून वर्षभरासाठी केलेल्या मसाल्याला चटणी म्हणतात आणि ती उन्हाळ्यात एकदाच होते. मिरच्या दोन प्रकारच्या लागतात. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची मिरची लांब, बारीक आणि झणझणीत. ब्याडगी मिरची सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला सौम्य. हावेरी जिल्ह्यातल्या या ब्याडगी मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नुसती संकेश्वरी घातली तर चटणी सोसत नाही, नुसती ब्याडगी घातली तर रंग येतो पण जिभेला काही जाणवत नाही. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा लागतो, आणि प्रत्येक घराचा मेळ वेगळा असतो. अस्सल संकेश्वरी अलीकडे महाग झाली आहे आणि सहज मिळतही नाही, म्हणून मी ओळखीच्या शेतकऱ्याकडून आधीच सांगून ठेवून घेते. मिरच्या उन्हात खडखडीत वाळवायच्या, देठ काढायचे, मसाले वेगवेगळे तळून घ्यायचे, कांदा उभा चिरून वाळवायचा आणि मग सगळे कांडप यंत्रावर न्यायचे. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला ठसका लागतो आणि तरीही प्रत्येक जण डब्यात डोकावून रंग कसा आला ते पाहून जातो.

भाताविषयी मी सहज थांबणार नाही, कारण मी खानापूरची. बेळगाव बासमती म्हणून इथे जो वासाचा तांदूळ पिकतो तो उत्तरेकडच्या बासमतीसारखा नसतो. त्याला स्वतःचा वेगळा सुगंध आहे आणि शिजल्यावर तो अधिक मऊ होतो. तो आम्ही सणाला, पाहुण्यांना आणि देवाच्या नैवेद्याला ठेवतो. रोजच्या जेवणाला माहेरचा इंटाण. जाडसर, भरभक्कम, आमटी शोषून घेणारा असा हा तांदूळ आहे. मसुराच्या आमटीखाली बासमती घातला तर दोघांचेही नुकसान होते. तांदळाचा वास लसणाखाली दबतो आणि आमटी भाताच्या शितांवरून निसटून जाते. माझी मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. ती फोनवर विचारते, "आई, तांदळाला पाणी किती घालू? वाटीने सांग." मी तिला आधी तांदूळ नवा की जुना ते विचारते. जुना तांदूळ दुपटीहून अधिक पाणी पितो आणि मोकळा होतो. नव्याला तेवढे पाणी घातले तर तो चिकट होऊन बसतो. मात्र मऊ भात करायचा असेल तर नवाच तांदूळ हवा. डिसेंबरात नवा तांदूळ घरात आला की आमच्याकडे पहिले काही दिवस गरम मऊ भात, त्यावर तूप, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे, एवढेच असते, आणि दुसरे काही करू का असे कोणी विचारतही नाही.

पेज हा माझ्या माहेरचा ठेवा. शेतावर जाणारी माणसे सकाळी उकड्या तांदळाची पेज पिऊन निघत. आई ती मातीच्या गाडग्यात रांधत असे. खानापूरची माती आणि तिथले कुंभारकाम पूर्वीपासून नावाजलेले आहे, त्यामुळे घरात मातीच्या भांड्यांना तोटा नव्हता. मातीच्या भांड्याला आच हळूहळू लागते आणि उतरवल्यावरही ऊब बराच वेळ टिकते, म्हणून पेज तळाला लागत नाही आणि तांदूळ सावकाश उकलतो. आजारी माणसाला पेज देताना त्यात मीठ आणि चमचाभर तूप. बऱ्या माणसाला सोबत भाजलेला पापड, लोणच्याची फोड किंवा सुकट. आमच्या घरात कोणाला ताप आला की मी दोन्ही बाजूंचे उपाय करते. दुपारी माहेरची पेज आणि संध्याकाळी सासरचे हुलग्याचे माडगे. हुलगे भाजून त्यांचे पीठ करून ठेवतात. ते पाण्यात कालवून, जिरे, लसूण आणि मीठ घालून उकळले की पातळसर माडगे होते. गोड हवे असल्यास लसणाऐवजी गूळ आणि सुंठ. जुलै महिन्यात, ऊन दिसत नाही आणि दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत अशा हवेत, माडग्याची वाटी हातात घेऊन बसलेल्या माणसाला दुसरे काही देण्याची गरज उरत नाही.

नाचणीचेही तसेच. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे, नाचणीच्या शेवया आणि नाचणीचा डोसा दिसू लागला, याचा मला आनंदच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना व वाढत्या मुलांना त्याचा उपयोग होतो. पण मला विचाराल तर नाचणीचे खरे रूप आंबिलीतच आहे. रात्री पीठ पातळ ताकात भिजवून ठेवायचे, सकाळी त्याला हलका आंबूस वास येतो. आधणाच्या पाण्यात ते सतत ढवळत ओतायचे, शिजून चकाकी आली की उतरवून निववायचे आणि मग घट्ट ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर. सौंदत्तीच्या यल्लम्माला नैवेद्य म्हणून आंबील आणि घुगऱ्या करण्याची रीत आमच्या भागात घरोघरी आहे, आणि ती भाषेचा किंवा जातीचा भेद न पाळता चालत आली आहे. देवीला जे चालते ते जेवण गरिबाच्या घरीही होऊ शकते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला भाषेविषयी नेहमीच बोलावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आमच्या तीन पिढ्या तो विषय ऐकत मोठ्या झाल्या आणि माझी मराठी मला प्राणाहून प्रिय आहे. तरी शेजारच्या अक्कांच्या घरून, ज्यांची मातृभाषा कन्नड आहे, झाकलेली ताटली आली की मी ती दोन्ही हातांनी घेते. त्यांच्याकडे ज्वारीची पातळ, कडक रोट्टी करून साठवतात. ती महिनाभर टिकते आणि शेंगदाण्याची चटणी व दही असले की पोटभर जेवण होते. त्यांचे भरले वांगे, ज्याला त्या एण्णगाई म्हणतात, आमच्यापेक्षा अधिक तेलाचे आणि तिळा-कारळ्याच्या कुटाने दाट झालेले असते. त्यांनी मला ओल्या लाल मिरच्यांचा रंजका शिकवला. लाल मिरच्या, लसूण, मीठ आणि लिंबाचा रस घालून तो बरणीत मुरवतात आणि वर तेलाची फोडणी ओततात. मी त्यांना आंबोळी शिकवली. त्यांच्या नातवाला आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ इतकी आवडते की शनिवारी सकाळी तो आमच्या दारात येऊन "मावशी, आज काय केलंय?" असे चक्क मराठीत विचारतो.

माणसे मला कधीकधी म्हणतात की बेळगावची म्हणून तू कुंद्यावर लिही, मांड्यांवर लिही. कुंदा मलाही आवडतो. दूध आटवून, विरजणाचा आधार देऊन, साखर करपवत तो तपकिरी रंग आणणे हे हलवायाचे कसब आहे. मांडे तर पाहत राहावे असे. उलट्या कढईवर टाकलेला तो हातभर रुंदीचा पापुद्रा, आणि तो घडी घालणारी बाई. पण ते कसब त्या माणसांचे आहे, आम्ही ते विकत आणतो. घरातल्या बाईच्या किंवा पुरुषाच्या हाताला रोज जे वळण पडते ते पीठ मळण्याचे, फोडणी ओळखण्याचे, भाताची वाफ कधी जिरवायची ते ठरवण्याचे असते, आणि त्याच्यावर लिहिणारे कमी आहेत. पुरुष मी मुद्दाम म्हटले. माझा मुलगा पुण्यात चार मित्रांबरोबर राहतो आणि त्या खोलीतली मसुराची आमटी तोच करतो. मित्रांपैकी एक विदर्भाचा, एक केरळचा. पहिल्यांदा त्यांना ती फार साधी वाटली होती, आता चटणीचा डबा संपत आला की माझ्या मुलाच्या आधी त्यांचाच निरोप येतो.

उरलेल्या अन्नाविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण साध्या स्वयंपाकाची निम्मी चव दुसऱ्या दिवशी असते. रात्रीची मसुराची आमटी सकाळी मुरलेली आणि घट्ट झालेली असते. ती पुन्हा पातळ करू नये, तशीच मंद आचेवर गरम करून भाकरीशी खावी. शिळी भाकरी कुस्करून, कांदा, मिरची, कढीपत्त्याच्या फोडणीवर टाकून, पाण्याचा हबका मारून झाकली की न्याहारीचा कुस्करा होतो. ताकात कुस्करून, वरून मीठ आणि लसणाची चटणी घातली तर उन्हाळ्यात त्यासारखे थंड काही नाही. उरलेल्या भाताला शेंगदाण्यांची फोडणी. आत्ती कधीही अन्न टाकू देत नसत, पण त्यांनी कधी शिळे म्हणून नाक मुरडायलाही वाव दिला नाही. त्या उरलेल्या अन्नाला फोडणी देताना ताज्या भाजीइतकीच तयारी करत, लसूण तितकाच ताजा ठेचत आणि कोथिंबीर तितकीच निवडून घालत. मी ती सवय उचलली आहे.

नव्या मसुराचा हंगाम माघ-फाल्गुनात असतो. त्या दिवसांत बेळगावच्या बाजारात शिवारातल्या बायका टोपल्यांतून मसूर घेऊन बसतात. वर्षाची बेगमी तेव्हाच करावी. मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहावेत. रंग तपकिरी, किंचित मळकट, आणि दाणा बारीक व फुगीर असला तर तो आपल्याकडचा समजावा. फार चकचकीत, चपटा आणि एकसारख्या मापाचा असला तर विचारून घ्यावे. घरी आणल्यावर दोन दिवस चांगले ऊन द्यावे, निवल्यावर पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरावेत आणि झाकण घट्ट लावावे. गरम असतानाच डबा बंद केला तर आत घाम धरतो आणि पावसाळ्यात कीड लागते. यंदा मी मुलीसाठी आणि मुलासाठी एकेक डबा वेगळा भरणार आहे, आणि शेजारच्या अक्कांनीही त्यांच्यासाठी माझ्याबरोबरच घ्यायला सांगितले आहे.